पाच किलोचा रवा

तेरदाळे बाई घर बघायला आल्या
तेव्हा माझा चहा दोनदा उतू गेला.
त्यांनी खिडकीचे गज मोजले,
वाकून गॅसची नळी तपासली,
पुढच्या खोलीत थांबून विचारलं,
"पाणी कुठवर आलं होतं?"
रणधीरनं छातीजवळ आडवा हात धरला.
भिंतीवर रेघ अजून आहे, एकोणीसच्या पुराची,
बशीत चहा वाळल्यावर राहते तशी.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
त्या काहीतरीवर आम्ही दोन वर्षं काढली.

बाकीच्या बायकांची वाट पोटावर दिसते.
त्यांच्यासाठी झोपाळा सजतो,
झाकलेल्या वाट्यांत पेढा की बर्फी, सगळी गल्ली हसते.
माझी वाट प्लास्टिकच्या फाइलमध्ये होती:
उत्पन्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला,
दोघंही धडधाकट असल्याचा दाखला.
नळावर मालनकाकी म्हणायच्या,
"काय गं, वाळत चाललीस की!"
मी घागर उचलायचे.

मग बुधवारी, पतसंस्थेत, व्याजाच्या बेरजेत फोन आला.
मुलगी. पाच महिन्यांची.
वजन पाच किलो आठशे.
बेरीज त्या दिवशी चुकलीच.

संध्याकाळी रणधीर उद्यमनगरातून सरळ घरी आला नाही.
शाहूपुरीत जाऊन गुळाचा रवा घेऊन आला, पाच किलोचा.
"आठशे ग्रॅम कमी हाय," म्हणाला,
"पण हाताला सवय तरी हुईल."
दिवसभर लेथवर लोखंड कातणारा माणूस,
केसभर फरक पडला तरी जॉब बाजूला टाकणारा.
त्यानं रवा माझ्या जुन्या साडीत गुंडाळला,
छातीशी धरून मोरीपासून दारापर्यंत हिंडला.
"मान सांभाळ," मी म्हटलं.
गुळाला कुठली मान, असं तो म्हणाला नाही.
त्यानं हात बदलला.

तिसऱ्या दिवशी बाळाला मुंग्या लागल्या.

मी नखं काढली. मंगळसूत्राची टोचणारी वाटी
आईच्या जुन्या डबीत ठेवली.
गंगावेशीत म्हैस पिळणाऱ्यानं पेला पुढं केला,
"ताई, बाळाला न्हाई चालत, तुमी तरी प्या,"
तेव्हा कळलं की बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती.
मला अंगाई येत नाही. दिडकीचा पाढा येतो,
तो हळू म्हटला तर चालेल का,
कुणाला विचारावं, ठरत नव्हतं.

मालनकाकी आल्या त्या रागातच.
"आधी सांगायचं न्हाईस व्हय?
कुठनं का यीना, न्हाऊ तर मीच घालणार!"
आणि उंबऱ्याशी बसून
नऊवारी फाडायला लागल्या, टराटरा,
दुपट्यांसाठी, त्यांच्या सासूची.
थोड्या वेळानं म्हणाल्या,
"माझी दुसरी वाचली असती तर तुझ्याएवढी असती."
आणि दोरा दातानं तोडला.

घर घासलं. पडदे उकळत्या पाण्यात काढले.
फरशीला फिनेल, कपाटाला वेखंड,
माळ्यावरचा वीस वर्षांचा धूरसुद्धा पुसला.
मग संस्थेतल्या ताईंना विचारलं, येताना काय आणू?
"काही नको. जाताना तिचं पांघरूण न्या.
धुऊ नका. त्या वासाशिवाय ती झोपत नाही."
तेव्हापासून एक खुंटी मोकळी ठेवली आहे.
धुतलेल्या घरात न धुतलेलं काही टांगायला.

रणधीरनं भिंती रंगवल्या, फिकट पिवळ्या.
पुराच्या रेघेशी ब्रश थांबला.
"असू दे," म्हणाला. "उंची मोजायला."
किती वर्षं लागतील, मी मनात हिशेब केला.
मधे किती पावसाळे येतील, तो केला नाही.

उद्या पहाटेची गाडी.
रवा आज फोडला, अर्धा मालनकाकींनी नेला.
पिशवीत बाटली, पावडर, दोन झबली,
फाइल. फाइल पुन्हा एकदा बघितली.
दिवा घालवला.
अंधारात रंगाचा वास, नदीकडून थोडा गारवा.
शेजारी रणधीर झोपलाय,
आणि झोपेतच हात बदलतोय.